पुढील शिक्षणासाठी

जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात दाखले लिहायचं काम चालू असतं. नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ असे रकाने भरत लिपिक खाली येतो. 'अभ्यासातील प्रगती' समोर चांगली, 'वर्तणूक' समोर चांगली, आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात बहुतेकांच्या वाट्याला येणारे तेच दोन शब्द : 'पुढील शिक्षणासाठी'. दहावीचे वर्ग सांभाळताना असे शेकडो दाखले मी मुलांच्या हातात दिले. त्या दोन शब्दांत शाळा केवढी ग्वाही देते, हे मला फार उशिरा कळलं.

आमची गावं बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. मुलं आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात, मग आमच्यासारख्या अनुदानित हायस्कुलात येतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे गाव रिकामं होतं. मागे राहिलेली मुलं आजीजवळ, चुलत्याकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने दिवस काढतात. मार्चमध्ये ती बोर्डाचा पेपर लिहीत असतात तेव्हा अनेकांचे आईवडील अजून फडातच असतात. तरीही ही मुलं पास होतात, आणि चांगल्या गुणांनी होतात. हुशारीला इथे तोटा नाही. जिद्दीला तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीला गणितात 94 गुण पडले. तिला तंत्रनिकेतनात पदविका करायची होती. यादीत नाव लागलं. पण जातीचं प्रमाणपत्र हातात नव्हतं. भटक्या-विमुक्तांना त्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेतली नोंद. तिची आजी मला म्हणाली, "ते कधी शाळंत गेलेच न्हाईत सर, तर दाखला कुठून आणू?"

ज्या घरातला आजोबा शाळेत जाऊ शकला नाही, त्याच घरातल्या नातीला सवलतीची गरज असते. आणि ती मिळवायला आजोबाचा दाखला हवा असतो. वाट अगदीच बंद असते असं नाही. कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, एखादी ओळ सापडते. तीत जात लिहिलेली असते. पण ती ओळ शोधायला दिवस लागतात, आणि प्रवेशाच्या वेळापत्रकात दिवस मोजके असतात. प्रमाणपत्राअभावी तिचं आरक्षण गेलं, शुल्काची सवलत गेली. पूर्ण पैसे भरणं घराला शक्य नव्हतं. त्या दसऱ्याला ती आईवडिलांबरोबर गाडीत बसली. तिच्या दाखल्यावर 'पुढील शिक्षणासाठी' असंच लिहिलेलं होतं, आणि त्याच्याखाली वर्गशिक्षक म्हणून माझी सही होती.

मी तिला बैजिक राशी शिकवल्या, भूमितीच्या सिद्धता घोकून नव्हे तर समजावून दिल्या. आठवीत असताना तुझ्या घरी कोणते कागद आहेत, हे मात्र कधी विचारलं नाही. ते आपलं काम आहे असं मला वाटतच नव्हतं.

शहरातल्या नोकरदार घरात ही माहिती जेवताना कानावर पडते. कुठला फॉर्म कधी निघतो, पसंतीक्रम कसा भरायचा, डिप्लोमा बरा की बारावी, हे मावशी सांगते, शेजारचा दादा सांगतो, वडिलांच्या कार्यालयातलं कुणीतरी सांगतं. त्या घरातल्या मुलाला ही आपली तयारी चालली आहे हे जाणवतही नाही. आमच्या मुलाच्या घरात महाविद्यालयाचं दार पाहिलेला माणूस नसतो. त्याच्या ओळखीतला असा माणूस एकच, त्याचा शिक्षक. म्हणून सरकारी आणि अनुदानित शाळेचं काम निकालाच्या दिवशी संपू शकत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. गुणपत्रिका हातात ठेवून आपण जिथे थांबतो, तिथून पुढचे दोन-तीन महिने या मुलांच्या आयुष्यातले सर्वांत निसरडे असतात.

महाराष्ट्राला हे एकेकाळी उमगलं होतं. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणणारं वसतिगृह सुरू केलं. शाळेत नाव घातलं की मूल शिकतं, असं या दोघांनी कधी मानलं नाही. कुठे झोपायचं, काय खायचं, परक्या गावात आपलं म्हणून कोण, या प्रश्नांची उत्तरं त्यांनी आधी शोधली. बोर्डिंगमधल्या मोठ्या मुलांकडून धाकट्यांना पुढची वाट आपोआप कळत असणार. भाऊरावांची 'कमवा आणि शिका' ही पद्धत पुढे सगळीकडे गाजली. मला मात्र त्यातलं ते सोबतीचं शहाणपण जास्त मोलाचं वाटतं.

अलीकडे, मुलांना पुढची वाट कळावी म्हणून, 2016 साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. हेतू चांगलाच होता. कागदावर मुलाचा कल यायचा : कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. एका मुलाने मला विचारलं, "तांत्रिक म्हणजे नेमकं काय, सर?" मी दिलेलं उत्तर शब्दकोशातलं होतं, त्याच्या काही कामाचं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही नववीचा वर्ग तालुक्याच्या आयटीआयमध्ये नेला. लेथवर लोखंड सोललं जाताना मुलांनी पाहिलं, वायरमनच्या वर्गात बोर्ड जोडून पाहिला, ती तिथल्या पोरांशी बोलली. फिटर आणि टर्नर यांतला फरक एका दुपारीत समजला. आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, हे तिथल्या निदेशकांनी सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दोन पालकांना ते नवीन होतं. अभियंता व्हायची वाट फक्त बारावी विज्ञानातून जाते, असं ते धरून चालले होते.

योजना आहेत, आणि त्या चांगल्या आहेत हे मोकळेपणाने सांगायला हवं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण योजनेपर्यंत पोहोचायलाही वाट लागतेच. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला. आमच्याकडे ओटीपी जातो तो कधीच बंद पडलेल्या सिमवर. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक असतो. कित्येकांची जन्मतारीख 1 जून असते, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी ती तशी टाकली. या चुका शाळेत असताना दुरुस्त होऊ शकतात. शाळा सुटल्यावर त्यासाठी उंबरठे झिजवावे लागतात.

शिक्षकांवर कामं किती लादली आहेत हे मला माहीत आहे; निवडणुका, सर्वेक्षणं, माहितीचे तक्ते. त्यावर भांडायलाच हवं. पण आठवीच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या कागदांची एक यादी करणं हा मी ओझ्याचा भाग मानत नाही. ते मला आता शिकवण्याइतकंच शिकवणं वाटतं.

गेली काही वर्षं मी एक वही ठेवतो. दहावी झालेल्या प्रत्येकाचं नाव, आणि पुढे तो कुठे आहे ते : अकरावी, आयटीआय, तंत्रनिकेतन, नर्सिंग, वडिलांबरोबर शेती, पोलीस भरतीची तयारी. पोळ्यापर्यंत फोन करायचे, न लागले तर घरी जायचं. दसऱ्याच्या आत वही भरायची, कारण नंतर माणसं सापडत नाहीत. गेल्या वर्षी तीन नावांपुढे जागा कोरी राहिली.

यंदाच्या आठवीत त्यातल्याच एकीची धाकटी बहीण आहे. उद्या सकाळी मी तिच्या आजीकडे जाणार आहे. आजोबांचं मूळ गाव कोणतं, तिथल्या कोतवाल बुकात त्यांच्या वडिलांचं नाव काय लागलं असेल, हे आता एकट्या तिलाच ठाऊक आहे.