ओढ्याला पिनकोड नसतो

रोज सकाळी सातच्या सुमाराला मला ईमेलने एक पत्र येते. वर माझे नाव, त्याखाली ‘सहकारनगर आणि परिसर’ आणि मग पाच बातम्या. गुरुवारी पाणी बंद, कुठला रस्ता खोदला आहे, शनिवारचे व्याख्यान, नवे उपाहारगृह, फ्लॅटचे चढलेले भाव. चहा संपायच्या आत पत्रही संपते. पूर्वी ‘पाणी बंद’ची चौकट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शोधावी लागे आणि ती हमखास शुक्रवारी सापडे. त्या मानाने ही सोय मोठी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निनावी ‘फॉरवर्ड’पेक्षा तर ती शतपटीने बरी, कारण इथे बातमीखाली कुणाचे तरी नाव असते आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येते.

तरीही या पत्राबद्दल माझी एक तक्रार आहे. नाव नोंदवताना मला एक फॉर्म भरायला लावला होता. तुमचा पिनकोड कोणता, तुम्हाला कशात रस आहे? मी दोन्हींची खरी उत्तरे दिली आणि तिथेच फसलो. माझ्या घरावर परिणाम करणारी बातमी माझ्या पिनकोडात घडते, असे त्या फॉर्मने गृहीत धरले होते. मीही धरले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने हे गृहीतक आमच्या डोळ्यांसमोर धुऊन नेले. कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस झाला आणि ते पाणी अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर या भागांत शिरले. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे गेली. नंतर सगळे कारणे शोधू लागले: अरुंद झालेले पात्र, काठावरची बांधकामे, पाणी तुंबवणारे पूल, वरच्या अंगाच्या फोडलेल्या टेकड्या. यातले काहीही त्या एका रात्रीत घडलेले नव्हते. डोंगरउतारावर जेसीबी चालत होता ती बातमी कात्रजची होती, आणि म्हणूनच ती सहकारनगरचीही होती. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजचे पाणी नळाने शहरात आणले, तेव्हापासून या दोन ठिकाणांचे नाते आहे. ओढ्याला ते ठाऊक आहे, फॉर्मला नाही.

नदीचीही तीच गोष्ट. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. त्यांच्या परिसराची सगळ्यात महत्त्वाची बातमी त्या रात्री त्यांच्या परिसरात नव्हती. ती धरणाच्या दरवाजांवर होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्याचे पाहिलेल्या पिढीला हे कुणी शिकवावे लागत नसे. नदीकाठच्या पेठांतला म्हातारा माणूस पावसाळ्यात आधी धरणांचे आकडे वाचायचा आणि मग बाकीचे पान.

पाणी वरून येते, तसा कचरा खाली जातो. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला, तेव्हा कोथरूडपुरता प्रश्न सुटला आणि तो उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गळ्यात पडला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले, तेव्हा कुठे पुणेकरांना ही गावे आठवली. तोवर तिथल्या विहिरी, माश्या, दुर्गंधी ही ‘तिकडची’ बातमी होती. आपल्या घरातली बादली रोज जिथे रिकामी होते, ते गाव आपल्या परिसरात धरायचे की नाही? माझ्या पत्राच्या लेखी नाही.

याचा सगळा दोष ईमेलच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बातमीची वाटणी जुनी आहे. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ ला ‘सकाळ’ सुरू करून स्थानिक बातमीला मान मिळवून दिला. पण तो अंक कसब्यात आणि लष्करात एकच होता. पुढे मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हावार आवृत्त्या निघाल्या, मग उपनगरांच्या पुरवण्या आल्या. नांदेडची बातमी कोल्हापूरला पोचेनाशी झाली, ती त्या काळात. अमेरिकेत निकोलस निग्रोपाँटे यांनी १९९५ मध्ये प्रत्येकासाठी वेगळ्या छापलेल्या ‘डेली मी’ची कल्पना मांडली होती. आपण आवृत्तीवरून पुरवणीवर आणि पुरवणीवरून पिनकोडावर येत त्याच मुक्कामी पोचलो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पूर्वीचा एकच अंक तरी सगळ्या शहराचा होता का? त्यातही निवड होती, फक्त ती संपादक करत असे. त्याच्या पुण्यात पेठा, डेक्कन आणि कोथरूड मोठ्या अक्षरांत असत, आणि येरवडा किंवा वडगाव शेरी बऱ्याचदा फक्त गुन्हेवृत्तात. येरवड्याच्या वाचकाला आपल्या गल्लीतल्या दवाखान्याची बातमी सकाळी सातला मिळत असेल, तर त्याने जुन्या अंकासाठी का हळहळावे? त्याने हळहळू नये. मीही जुन्या अंकाच्या आठवणीत रमायला सांगत नाही.

फरक एवढाच की संपादकाची निवड चुकली तर ती सगळ्यांना दिसे आणि त्याच्या नावाने पत्र लिहिता येई. माझ्या पत्रातून काय गळले, हे मला दिसत नाही आणि शेजाऱ्यालाही नाही, कारण त्याचे पत्र वेगळे. दुसरे असे की महापालिका बातमीला घाबरते, ती बातमी खरी असते म्हणून घाबरतेच असे नाही. ती सगळ्यांनी वाचलेली असते म्हणून घाबरते. कट्ट्यावर, बसमध्ये, स्थायी समितीत एकच मथळा चर्चेत असला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. तोच विषय चाळीस पिनकोडांत चाळीस तुकडे होऊन गेला, तर प्रत्येक तुकड्याला ‘स्थानिक अडचण’ म्हणून वाटेला लावता येते. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे पुणे महापालिकेत नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. सभागृहच नसताना प्रश्नोत्तराचा तास चालवायचा तो बातमीनेच. त्याच काळात आपण ती बातमी आपापल्या आवडीनुसार वाटून घेत होतो.

आणि ‘आवडी’ तरी कशा? माझ्या फॉर्मवर खाणेपिणे होते, कार्यक्रम होते, मालमत्ता होती. ‘हरकती व सूचना’ असा पर्याय नव्हता. खेळाच्या मैदानाचे आरक्षण उठवायचे असते किंवा विकास आराखड्यात बदल करायचा असतो, तेव्हा महापालिका जाहीर सूचना काढून ठरावीक मुदतीत हरकती मागवते. ही सूचना बारीक टाइपात, रूक्ष भाषेत छापली जाते. तिच्यावर कुणी आवडीने बोट ठेवणार नाही, म्हणून आवडीवर चालणाऱ्या पत्रात ती येणार नाही. मुदत संपल्यावर मात्र मैदानाच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीचा फोटो नक्की येईल, ‘मालमत्ता’ या सदरात.

अशी पत्रे काढणाऱ्यांकडे माझी मागणी छोटी आहे. पाचातल्या तीन बातम्या खुशाल माझ्या पसंतीच्या द्या, पण दोन अशा द्या की ज्या त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक वाचकाला मिळतील आणि ज्या निवडण्याची जबाबदारी एक संपादक स्वतःच्या नावानिशी घेईल. त्यातली एक पालिकेच्या कागदपत्रांतली असावी, ती कितीही रूक्ष असो.

वाचकांसाठी उपाय याहून सोपा आहे, आणि मी तो केला आहे. फॉर्म पुन्हा उघडला आणि सहकारनगरच्या जोडीला कात्रज, खडकवासला आणि उरुळी देवाची ही नावे लिहिली. पत्र आता दोन मिनिटे लांबते, चहा थोडा गार होतो. ‘तुमचा परिसर कोणता?’ असे तुम्हाला कुणी विचारले, तर नुसता घरचा पत्ता देऊ नका. तुमच्या नळाचे पाणी कुठून येते आणि तुमचा कचरा कुठे जातो, ती दोन गावेही लिहा.