गाडी लागणे

प्रवासात होणाऱ्या मळमळीला मराठीत 'गाडी लागणे' म्हणतात आणि तीच व्यथा समुद्रावर झाली तर 'बोट लागणे' म्हणतात. या वाक्प्रचाराची घडण विचार करण्याजोगी आहे. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशीच गाडी लागते. लागणारी गाडी, ज्याला ती लागते तो केवळ सोसणारा. त्याच्याकडे कर्तेपण नाही आणि म्हणून दोषही नाही. गेल्या उन्हाळ्यात पचमढीला जाण्याचा बेत ठरत असता सूनबाई मला म्हणाली, "बाबा, मोत्याला गाडी लागते. त्याला घरीच ठेवू या का?" तेव्हा 'मोत्याला' या शब्दातील शेवटच्या अक्षराकडे माझे प्रथमच लक्ष गेले. पशू म्हणजे एक यंत्रच होय, असे सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाने मांडले. मराठी बोलणाऱ्या घरात हे मत टिकणे कठीण. यंत्र बिघडते, बंद पडते. यंत्राला काही लागत नाही. जेथे 'ला' हा प्रत्यय आला तेथे सोसणारा कोणीतरी आहे, ही कबुली आपण बोलताबोलताच देऊन बसतो.

ही कबुली दिल्यावरही मोत्याला मागे ठेवण्यास कोणी राजी नव्हते. इंदूरहून पचमढीचा रस्ता लांबचा. भोपाळ, नर्मदापुरम्, पिपरिया मागे टाकून मटकुलीला पोहोचले की घाट सुरू होतो, आणि मोत्याची कसोटी तेथेच लागते. आदल्या वर्षी तो त्या वळणांवर तीनदा ओकला होता. म्हणून या खेपेस पशुवैद्यांचा सल्ला घेतला. त्यांनी मारोपिटंट नावाची गोळी दिली. केवळ कुत्र्यांच्या उलट्यांसाठी म्हणून मुद्दाम तयार केलेले हे औषध 2006 साली युरोपात आणि 2007 साली अमेरिकेत मान्य झाले. एरवीच्या उलटीवर किलोमागे 2 मिलिग्रॅम पुरतात. गाडी लागू नये म्हणून मात्र किलोमागे 8 मिलिग्रॅम द्यावे लागतात, तेही निघण्यापूर्वी निदान दोन तास आधी, थोड्याशा खाण्याबरोबर आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक नाही. मोत्याचे वजन 20 किलो. त्याला 160 मिलिग्रॅमची एक गोळी झाली.

गोळीने आपले काम चोख केले. घाट चढून झाला तरी मोत्या ओकला नाही. मुलाने गाडी चालविताचालविता समोरच्या आरशात एकवार पाहिले आणि समाधानाने म्हटले, "बघा बाबा, यंदा काही त्रास नाही." मी मागच्या बैठकीवर मोत्याशेजारी बसलो होतो. आरशात न दिसणाऱ्या काही गोष्टी मला दिसत होत्या. तो वारंवार ओठ चाटत होता. तोंडात काही नसताना आवंढे गिळत होता. झोप आलेली नसताना जांभया देत होता. त्याच्या जबड्यातून लाळेची एक तार माझ्या गुडघ्यावर उतरली होती. कुत्र्याच्या मळमळीची हीच लक्षणे असतात. गाडी स्वच्छ राहिली होती, यात शंका नाही. परंतु मोत्या बरा होता की नाही, हे मला सांगता येईना.

माझ्या मनातील ही शंका केवळ हळव्या माणसाची होती असे नव्हे. शरीराची रचनाच ती शंका उपस्थित करते. कानाच्या आतील भागात तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. गाडीच्या वळणांनी ते ढवळले गेले की त्याचे निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या वांतीच्या केंद्राकडे जातात. बिघडलेल्या पोटाचे निरोपही तेथेच येतात, रक्तात भिनलेल्या विषाची वर्दीही तेथेच पोहोचते. वाटा अनेक, दरवाजा एक. त्या दरवाजाशी अखेरचा निरोप पोहोचविणारा दूत म्हणजे 'सबस्टन्स पी' नावाचे द्रव्य. ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना ते 1931 साली सापडले. मारोपिटंट या दूताची ठरलेली जागा आधीच अडवून बसते. दूत येतो आणि निरोप न देता परततो. म्हणूनच कारण कोणतेही असो, उलटी थांबते. पण मळमळीची जाणीव या दरवाजाशी होत नाही. ती मेंदूच्या अधिक वरच्या भागात उमटते. सिस्प्लाटिन हे कर्करोगावरील औषध कुत्र्यांना अल्प मात्रेत देऊन केलेला एक तुलनात्मक प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात मारोपिटंटने उलट्या रोखल्या. मळमळीची लक्षणे मात्र ऑन्डान्सेट्रॉन या दुसऱ्या औषधाने अधिक ओसरली. तो प्रयोग औषधाने आणलेल्या मळमळीचा होता, घाटातल्या मळमळीचा नव्हे, हे खरे. तथापि उलटी थांबणे आणि क्लेश थांबणे या दोन निराळ्या घटना असू शकतात, एवढे त्यावरून निश्चित होते.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. दुःखाचे चिन्ह नाहीसे केल्याने सुटका कोणाची होते? उलटी कुत्र्याला होते, पण ती पुसावी लागते आपल्याला. मळमळ पुसावी लागत नाही. जे दुःख आपल्या कपड्यांवर येत नाही, ते दुःख आहे हे मानण्याची सक्तीही आपल्यावर होत नाही. बोलणारा माणूस "गाडी थांबवा" म्हणू शकतो. कुत्र्याला तसे म्हणता येत नाही. त्याचे शरीर ते त्याच्या वतीने म्हणते. त्याची उलटी ही त्याची तक्रार असते आणि बहुधा ती एकच तक्रार अशी असते की जिच्याकडे आपल्याला दुर्लक्ष करता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग औषध देऊच नये काय? असे म्हणणे म्हणजे दयेच्या नावाखाली निर्दयपणा होईल. पार्व्हो विषाणूने पछाडलेली पिल्ले उलट्या आणि जुलाबांनी शरीरातील पाणी जाऊन प्राणास मुकतात. कर्करोगाचे उपचार घेणारा कुत्रा उलट्यांनी अन्न टाकतो. तेथे हे औषध वरदानच आहे. शिवाय पूर्वी प्रवासाला निघताना कुत्र्यांना ॲसप्रोमॅझिनसारखे गुंगीचे औषध सर्रास देत असत. त्याने प्राणी निपचित पडे आणि ते निपचितपण शांती म्हणून मोजले जाई. आतील भीती कायम असली तरी ती दाखविण्याचे बळ त्याच्यात उरत नसे. त्या मानाने नवी गोळी कितीतरी सभ्य. ती प्राण्याला शुद्धीवर ठेवते.

परंतु पशुवैद्यकच आणखी एक गोष्ट सांगते. कुत्र्याने चेंडूचा तुकडा, हाड वा चिंधी गिळली असेल आणि आतडे अडले असेल, तर उलटी हीच त्याला वाचविणारी खूण ठरते. अशा वेळी कारण न शोधता उलटी थांबविली तर रोग आत वाढत राहतो आणि बाहेर सारे ठीक दिसते. वैद्य म्हणूनच आधी कारण शोधावयास सांगतात. जो नियम वैद्यकाने आतड्यासाठी घालून दिला, तोच मला प्रवासासाठीही लागू वाटतो. खूण मिटविणाऱ्याने ती खूण जे काम करीत होती ते आपल्या अंगावर घेतले पाहिजे. तक्रार बंद केली, तर तक्रारीवाचून दुःख ओळखण्याची जबाबदारी आपली.

ही जबाबदारी वाटते त्याहून जुनी आहे. प्रवासातील वांतीविषयीचे आपले ज्ञान पुष्कळ अंशी कुत्र्यांनीच दिलेले आहे. दिलेले म्हणण्यापेक्षा त्यांच्याकडून घेतलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात बोटींतून आणि विमानांतून नेल्या जाणाऱ्या सैनिकांना हा त्रास होई आणि त्यावर उपाय हवा होता. अमेरिकेत फिलिप बार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना झोक्यावर ठेवून झुलविले, त्यांच्या मेंदूचे निरनिराळे भाग काढून टाकले आणि कोणता भाग गेल्यावर उलटी थांबते याचा शोध घेतला. लहान मेंदूचा एक विशिष्ट भाग काढल्यावर ती थांबते, हा त्यांचा निष्कर्ष 1947 साली प्रसिद्ध झाला. त्या कुत्र्यांना कोठेही जावयाचे नव्हते. झोका जेथून निघे तेथेच परत येई. आज मोत्याच्या गोळीमागे जे ज्ञान उभे आहे त्यात त्या निनावी प्राण्यांचा वाटा आहे. हे ऋण फेडता येण्यासारखे नाही. निदान त्या ज्ञानाचा उपयोग केवळ आपल्या बैठका कोरड्या ठेवण्यासाठी होऊ नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

या संदर्भात महाभारताची आठवण होते. त्या ग्रंथाच्या आरंभीच एक कुत्रा मार खातो. जनमेजयाच्या सत्रात गेलेल्या सरमेच्या पिल्लाने हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. सरमेने येऊन विचारले, याचा अपराध काय? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा अकल्पित भय तुमच्यावर येईल असा शाप देऊन ती निघून गेली. ग्रंथाच्या शेवटाकडे दुसरा कुत्रा भेटतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिर सांगतो की सोबत आलेल्या या श्वानावाचून मी रथात चढणार नाही. ही कथा आपण निष्ठेची म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण मागच्या बैठकीवर बसलेल्या मला त्या दिवशी वाटले, युधिष्ठिराने श्वानासाठी रथ नाकारला. आम्ही श्वानाला रथात घातले आणि त्यालाच निष्ठा समजलो. त्याला रथ हवा होता की नाही, हे आम्ही कोठे विचारले? उत्तर न देणारे जनमेजयाचे भाऊ आणि प्रश्नच न विचारणारे आम्ही, यांत अंतर फार नाही.

आपल्या देशात 1960 सालापासून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्याची वाहतूक करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. सारी अडचण 'अनावश्यक' या एका शब्दात साठलेली आहे. आवश्यक कोणाला? दवाखान्यात नेणे मोत्याला आवश्यक आहे. बदली झाली तर घरच्या माणसांबरोबर जाणे त्यालाही हवेच असेल. पचमढीची थंड हवा मात्र आम्हाला हवी होती. त्याच्या वाट्याला त्यातली मळमळ आली. गोळी देण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न मात्रेचा नाही. हा प्रवास कोणाचा आहे, हा तो प्रश्न होय. प्रवास त्याच्यासाठी असेल वा टाळता येण्यासारखा नसेल, तर गोळी द्यावी आणि निःशंक मनाने द्यावी. तो केवळ आपल्या हौसेचा असेल, तर गोळीने आपल्याला परवानगी मिळाली असे समजू नये.

गोळीवाचून करता येण्यासारखेही थोडे असते, पण त्याला वेळ लागतो. पुष्कळ पिल्लांचा हा त्रास वय वाढले की आपोआप कमी होतो. काही कुत्र्यांना गाडीचे भयच बसलेले असते, कारण गाडी त्यांना सुईकडेच नेते. अशांना आधी उभ्या गाडीत बसवावे, मग यंत्र नुसते सुरू करावे, मग गल्लीला एक फेरी घालावी, असे दिवसामागून दिवस करावे लागते. गोळीला दोन तास पुरतात. विश्वासाला महिने लागतात. आपण गोळी निवडतो याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

परतीच्या दिवशी पहाटे मोत्याला पुन्हा गोळी दिली, कारण घाट उतरणे आता टळण्यासारखे नव्हते. मात्र आरशावर विसंबावयाचे नाही असे ठरले. तो आवंढे गिळू लागला की मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवी आणि तो गाडी कडेला घेई. मोत्या खाली उतरे, चारही पाय जमिनीवर टेकवून काही वेळ नुसता उभा राही, मग गवत हुंगू लागे. हुंगू लागला की निघावयास हरकत नाही, हे आम्हाला दुसऱ्या थांब्यापर्यंत कळले होते. मटकुलीला पोहोचेपर्यंत आम्ही चारदा थांबलो. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात मी मोत्याजवळ घरीच राहीन, असे मी तेथे चहा घेताना सांगितले. सूनबाईने लगेच उत्तर दिले नाही. मोत्या टपरीच्या सावलीत, गाडीकडे पाठ करून निजला होता.