मोक्याच्या जागेचे ऋण

भाड्याने देण्यासाठी घर किंवा गाळा घ्यायचा तर जागा मोक्याची बघावी, हे कोणीही सांगेल. नाशिक-येवला रस्त्यावरच्या विंचूरला मोक्याची जागा कुठली, हेही उघड आहे: लासलगाव बाजार समितीच्या उपबाजारालगतची, महामार्गावरची किंवा एमआयडीसीतल्या वाइन पार्कच्या वाटेवरची. पण त्या जागेला मोका आणला कोणी? ट्रॅक्टर भरून कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याने, बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याने, गोण्या उचलणाऱ्या हमालाने आणि सगळ्यांच्या पैशातून झालेल्या रस्त्याने. मालकाने भिंती उभ्या केल्या. त्याच भिंती आडबाजूच्या वस्तीत उभ्या केल्या असत्या तर खर्च साधारण तेवढाच झाला असता, भाडे मात्र फारच थोडे आले असते. हा फरक मालकाच्या घामाचा नाही. हेन्री जॉर्जने १८७९ साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’मध्ये नेमके यावर बोट ठेवले आणि जमिनीच्या या मूल्यावर समाजाचा हक्क सांगत ते कराच्या रूपाने वसूल करावे असे मांडले.

मला मात्र हा प्रश्न करापेक्षा ऋणाचा वाटतो. देव, ऋषी आणि पितर ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही आहे आणि ते फेडण्याचा मार्ग सांगितला आहे तो माणसांना आसरा आणि अन्न देण्याचा. यावर कोणी म्हणेल, ते अतिथीबद्दल आहे, भाडेकरूबद्दल नाही. खरे आहे. भाडे घेतले की दानाचे पुण्य उरत नाही. पण म्हणून ऋण फिटले असे कुठे होते? उलट माणसांच्या वर्दळीवर जगणाऱ्या घरमालकाला ते इतरांहून जास्तच लागू आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: मालक जोखीम घेतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती बंदी मे २०२४ पर्यंत राहिली. बाजार असा अडखळला की त्याच्या आधाराने चालणाऱ्या गाळ्यांनाही झळ बसू शकते. तेव्हा जोखमीचा, डागडुजीचा, अडकलेल्या भांडवलाचा मोबदला मालकाने जरूर घ्यावा. पण त्या बंदीचा पहिला घाव शेतकऱ्याने सोसला, आणि त्याला त्या गाळ्याच्या भाड्यात वाटा नसतो.

शिवाय जागेची किंमत वाढवणाऱ्यांत भाडेकरूही असतो, हे सोयीने विसरले जाते. पुण्यातला विंचूरकर वाडा विंचूरच्याच सरदार घराण्याचा. आज तो कोणामुळे ओळखला जातो? तिथे राहिलेल्या टिळकांमुळे, १८९४ च्या त्यांच्या सार्वजनिक गणपतीमुळे. सगळेच भाडेकरू टिळक नसतात. पण चालता दवाखाना किंवा चहाचे दुकानही शेजारच्या गाळ्याचा भाव वाढवतेच.

म्हणून जागा निवडताना एक कसोटी अधिक लावावी: भाडेकरू इथे सोयीसाठी येणार आहे की दुसरीकडे जाता येत नाही म्हणून? बाजारालगत दुकान थाटणाऱ्याला पर्याय असतात, त्याच्याशी घासाघीस करायला हरकत नाही. हंगामापुरत्या आलेल्या मजुराला कामाच्या ठिकाणापासून लांब राहणे परवडत नाही. त्याच्या अडचणीवर चढवलेले भाडे बाजारभाव म्हणून खपेल, पण त्या मजुराच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाणी आणि संडासाची सोय आहे की नाही, हे मालकाने खोली घेण्याआधीच पाहायला हवे होते.