पद आणि पराक्रम

इ. स. ६३४ हें साल इस्लामच्या इतिहासांत मोठ्या उलथापालथीचें होतें. जुलै महिन्यांत अरब फौजांनीं पॅलेस्टाइनमधील अजनादैन येथें बायझंटाईन सैन्याचा पराभव केला. पुढच्याच महिन्यांत पहिले खलिफा अबू बकर मदिनेस निवर्तले आणि त्यांनींच नेमून ठेविल्याप्रमाणें खिलाफतीचीं सूत्रें उमर यांच्या हातीं आलीं. परंपरागत वृत्तांतांप्रमाणें नव्या खलिफांनीं आरंभींच सिरियांतील विजयी सेनानी खालिद बिन वलीद यांस मुख्य सेनापतिपदावरून दूर केलें व तेथें अबू उबैदा यांस नेमलें.

ज्यांनीं इराकमधून वाळवंट तुडवून सिरिया गाठला, ज्यांस लोक 'ईश्वराची तलवार' म्हणत, त्यांस विजयाच्या ऐन भरांत खालीं उतरवावें, हा अन्याय नव्हे काय? प्रथमदर्शनीं आमचेंही मन 'होय' असेंच म्हणतें. परंतु पद हें पराक्रमाचें बक्षीस आहे, अशी समजूत या उत्तराच्या मुळाशीं आहे. वस्तुतः पद ही समाजाची ठेव होय. ती परत मागितली म्हणून शिक्षा झाली असें होत नाहीं. शिवाय विजय एकाच नांवाशीं जखडला गेला, तर तो मनुष्य पडतांच समाजाचा धीरही सुटतो. लोक ईश्वराऐवजीं खालिदांवर भरंवसा ठेवूं लागतील, असें कारण उमर यांनीं दिल्याचें सांगतात.

मात्र हेंच कारण मत्सरालाही सोयीचें पांघरूण होऊं शकतें. मालिक बिन नुवैरा याच्या वधावरून उमर यांचा खालिदांवर पूर्वींपासूनच रोष होता. मग तत्त्व कोणतें आणि रोष कोणता, हें ओळखावें कसें? आमच्या मतें कसोटी एकच: दुसऱ्यास लावलेलें माप मनुष्य स्वतःच्या घरास लावतो कीं नाहीं? इ. स. ६४४ मध्यें मृत्युशय्येवर असतां उमर यांनीं उत्तराधिकारी निवडण्यासाठीं सहा जणांची समिति नेमली. आपला पुत्र अब्दुल्ला यास सल्ल्यापुरतें बसविलें, पण खलिफापद त्यास मिळूं नये असें ठरविलें. येथें त्यांचें माप खरें उतरतें.

तथापि खालिदांच्या मनांत सल राहिला नसेल, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ते बंड करून उठले नाहींत, इ. स. ६३६ मध्यें यर्मूकच्या रणांगणांतही ते लढले. पद गेल्यावरही कर्तव्य उरतें, हें ज्यास उमगलें, त्याचा पराक्रम कोणत्याही फर्मानानें हिरावला जात नाहीं.