खबर कोणाची अमानत?

मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. येथले मतदान ७ मे २०२४ रोजी झाले. ३० मे रोजी ओपनएआय या अमेरिकी कंपनीने जाहीर केले की, स्टोइक ही इस्रायली कंपनी आपल्या निवडणुकीबद्दल बनावट प्रतिक्रिया पसरवू पाहत होती आणि तो उद्योग चोवीस तासांच्या आत थोपविला गेला. तत्कालीन केंद्रीय मंत्री राजीव चंद्रशेखर यांची हरकत अशी, की मतदान संपत आल्यावर सांगून काय उपयोग? हरकत रास्त होती. मात्र हाच प्रश्न सरकारांनाही विचारायला हवा.

कॅनडाने २०१९ साली पाच वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांकडे एक काम सोपविले. निवडणुकीत परकीय ढवळाढवळ दिसली, तर जनतेला सावध करायचे. पण अट मोठी: निवडणूक मुक्त व निष्पक्ष होण्यालाच धोका पोचला पाहिजे. २०२१ मध्ये केनी चिउ या खासदाराविषयी वुईचॅटवर विपर्यस्त मजकूर फिरत होता. सरकारी यंत्रणेच्या तो नजरेस आला होता. जाहीर इशारा निघाला नाही, चिउ हरले. त्याच मजकुरामुळे हरले, असे सिद्ध झालेले नाही, आणि आमच्या मते मुद्दा तो नाहीच.

अधिकाऱ्यांची अडचण आम्हांला समजते. ऐन प्रचारातला सरकारी इशारा कोणाच्या तरी पारड्यात पडतोच. शिवाय खबर कच्ची असेल तर? सूरह हुजुरात बातमीची तहकीक करायला सांगते, ते उगाच नव्हे. पण तहकीक म्हणजे खबर दडपणे नव्हे. साऱ्या देशाला ओरडून सांगणे वेगळे आणि ज्याच्यावर नेम धरला आहे त्याच्या कानावर घालणे वेगळे. पहिल्याला मोठी अट असावी, दुसऱ्याला कशाला? ज्याच्या अब्रूची ती खबर, त्याचीच ती अमानत. राखणाऱ्याने दाबून ठेवली, तर ती खयानत.

उइघुर मुसलमानांवरील अत्याचारांविरुद्ध ठराव आणणारे खासदार मायकेल चाँग यांच्या हाँगकाँगमधील नातलगांची माहिती चिनी अधिकारी काढत असल्याचे गुप्तचर खात्याला २०२१ मध्येच ठाऊक होते. चाँग यांना ते कळले २०२३ मध्ये, वर्तमानपत्रातून! त्यानंतर कुठे, खासदारांना धोका असल्यास त्यांना कळवावे, असा आदेश निघाला.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या खासदार प्रियांका चतुर्वेदी, असदुद्दीन ओवैसी आदींच्या फोनवर हल्ल्याचा इशारा आला, तो ॲपल कंपनीकडून. सरकारने मागाहून चौकशी जाहीर केली. सत्ताधारी स्वतःच निवडणुकीच्या मैदानात असताना विरोधकाची अमानत त्याच्याकडे राहावी की निवडणूक आयोगासारख्या तिसऱ्याकडे? आम्हांला तिसराच बरा वाटतो. मग आयोगाला तेवढे बळ द्यावे लागेल.