जाणणाऱ्याचे मौन

टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथांची मालिका सुरू केली. पुढे ती मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघू लागली आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत तिचे आठशेच्या घरात अंक प्रसिद्ध झाले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' हा या मालिकेचा प्रमुख नायक. बंगाली वाचकाने त्याला 'अरण्यदेव' म्हणून ओळखले. मराठीत तो 'वेताळ' झाला. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ छाया किंवा पिशाच्च असा असल्याने भाषांतरकाराने शब्दाला शब्द दिला इतकेच, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येईल. परंतु नाव कधी रिकाम्या हाताने येत नाही. 'वेताळ' म्हणताच मराठी मनात दोन आकृती उभ्या राहतात. एक, कोकण-गोव्यातील गावराखणीचा देव, जो रात्री शीव फिरतो आणि ज्याच्या पालखीच्या मशाली दिसल्या की माणसाने वाट सोडून उभे राहायचे असते. दुसरी, प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावरून कथा सांगणारा आणि कथेच्या शेवटी प्रश्न टाकणारा, पंचविशीतला वेताळ. फॉकच्या नायकाचे पहिल्याशी असलेले नाते उघड आहे. दोघेही सीमा राखतात, आणि दोघांचाही कारभार धाकावर चालतो. दुसऱ्याशी मात्र त्याचे नाते विरोधाचे आहे. प्रस्तुत लेखात मला या विरोधाचाच विचार करायचा आहे.

चित्रकथेसारख्या वाङ्मयप्रकाराला समीक्षेच्या पानावर जागा का द्यावी, हा आक्षेप येईलच. आपल्या समीक्षेने बाबूराव अर्नाळकरांच्या 'काळा पहाड'कडेही वर्षानुवर्षे वाचनसंख्येचा एक विक्रम म्हणूनच पाहिले. त्याच्या मुखवट्याआड कोणती न्यायकल्पना आहे हे विचारण्याची तसदी घेतली नाही. मुलांच्या हाती जाणारे वाङ्मय बालिश असते हा समजही त्यातलाच. मी इंद्रजालचे जुने अंक भंडाऱ्याच्या रद्दीच्या दुकानातून आणून वाचले ते वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी. मालिका तेव्हा संपत आली होती किंवा संपलीही होती. कव्हरे फाटलेली असत. मुष्टियुद्धांची चित्रे आज आठवत नाहीत. आठवते ते एकच चित्र: मरणासन्न पिता, आणि त्याच्या बिछान्याशी उभा असलेला, काही वेळाने तोच पोशाख अंगावर चढवणार असलेला मुलगा.

या मालिकेचे आशयसूत्र साहस नसून मरण हे आहे, असे माझे मत आहे. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यात बाप मारला जातो, मुलगा किनाऱ्याला लागतो, बांदार नावाची ठेंगण्या लोकांची जमात त्याला वाचवते. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतो आणि आपल्या वंशजांनाही तिच्यात बांधून टाकतो. आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. आधीचे वीस गुहेत पुरलेले आहेत. जगाला मात्र हे ठाऊक नाही. जगाच्या दृष्टीने चार शतके एकच अमर पुरुष जंगलात वावरतो आहे. प्रत्येक वेताळ आपले इतिवृत्त लिहून ठेवतो आणि ते ग्रंथ गुहेतच राहतात. म्हणजे इतिहास लिहिला जातो, पण ज्यांचा तो इतिहास आहे त्यांनी तो वाचू नये अशी व्यवस्थाही केली जाते. हे वतनच म्हणायचे. जन्माने मिळणारे, नाकारता न येणारे. १९९४ ते १९९६ या काळात या नायकावर 'फँटम २०४०' ही सचेतपटांची मालिका निघाली. तिच्यातील तरुण नायकाला आपण वारस आहोत हे आरंभी माहीतही नसते. निर्मात्यांनाही वारशाच्या शपथेचा प्रश्न टोचत असावा. मात्र शपथ कळल्यावर तो ती स्वीकारतो, आणि प्रश्न तिथेच राहतो.

अमरत्वाची ही आवई म्हणजे एक जाणूनबुजून चालवलेले असत्य होय. त्याचा हेतू शुभ आहे: गुन्हेगाराला जरब बसावी, दुर्बळाला अभय मिळावे. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये नगराच्या स्थैर्यासाठी अशाच एका उदात्त असत्याची योजना केली आहे, हे अभ्यासकांना सांगायला नको. त्याच ग्रंथात ग्लॉकनने मांडलेली गायजीझच्या अंगठीची कथा येते. अदृश्य होण्याची शक्ती मिळाली तर न्यायी माणूस न्यायी राहील काय, हा तिच्यातला प्रश्न. फॉकच्या नायकाच्या बोटातही अंगठी आहे, आणि त्याचा चेहरा कोणी पाहू शकत नाही. या अर्थाने वेताळ हे ग्लॉकनला दिलेले लोकप्रिय उत्तर आहे: होय, राहील, एकवीस पिढ्या राहील. पाश्चात्त्य सुपरहीरोविषयीची बरीचशी चर्चा याच मुद्द्याभोवती फिरते. मुखवटा घालणारा बिघडतो की नाही, त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचे वगैरे. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. मुखवट्याच्या आत जो आहे त्याचे काय होते यापेक्षा मुखवट्याच्या बाहेर जे आहेत त्यांचे काय होते, हे अधिक विचारण्यासारखे आहे. कांटने १७९५ च्या 'चिरंतन शांतता' या निबंधात एक कसोटी दिली आहे: इतरांच्या हक्कांशी संबंधित असलेल्या ज्या कृतीचे सूत्र उघड करताच ती कृती अशक्य होते, ती न्याय्य नव्हे. वेताळाचा न्याय या कसोटीला एक दिवसही टिकणार नाही. 'मी मर्त्य आहे' हे वाक्य तो ज्या क्षणी उच्चारील त्या क्षणी त्याचे राज्य संपेल.

आता पंचविशीकडे वळू. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त समाविष्ट असलेला हा कथासमूह एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्याकरवी छापील मराठीत आला आणि शालेय वाचनातून घरोघर गेला. तिची चौकट सर्वांच्या परिचयाची आहे. राजाने प्रेत मुकाट्याने वाहून न्यायचे; बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. पण वेताळाची दुसरी अटही आहे: उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. या चौकटीचे नैतिक मर्म या दोन अटींच्या पेचात आहे. कार्यसिद्धीसाठी मौन हवे; जाणणाऱ्याला मात्र मौनाची मुभा नाही. राजा प्रत्येक वेळी बोलतो, प्रत्येक वेळी हातातले काम गमावतो, आणि पुन्हा झाडाकडे चालू लागतो. न्याय म्हणजे इथे ज्ञानाचे उच्चारण, आणि त्यासाठी नुकसान सोसण्याची तयारी. फॉकच्या वेताळाची अट नेमकी उलटी आहे. तिथे जो जाणतो त्याने बोलायचे नाही. जो चेहरा पाहील त्याला भयंकर मरण येईल अशी जंगलातली समजूत आहे. एका वेताळाच्या राज्यात गप्प राहणाऱ्याचे डोके फुटते, दुसऱ्याच्या राज्यात पाहणाऱ्याचे. मराठी भाषांतरकाराने दोघांना एकच नाव दिले.

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी हा विरोध फळ्यावर मांडला. तास बरा चालला होता. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बांदार लोकांना तर ठाऊक असते ना की तो मरतो? मग त्यांचे डोके का फुटत नाही?"

प्रश्न अचूक होता. मालिकेत हे स्पष्टच आहे की गुहेचे राखणदार असलेल्या बांदारांना रहस्य माहीत असते. ते मृत वेताळाला पुरायला मदत करतात, वारसाला सिंहासनावर बसलेला पाहतात, आणि बाहेर येऊन 'तो अमर आहे' असे सांगतात. चार शतके. त्यांना स्वतःचे काही इतिवृत्त नाही. त्यांची भूमिका एवढीच: जाणणे आणि न बोलणे. साठच्या दशकात आफ्रिकी देश स्वतंत्र होऊ लागले तेव्हा फॉकने कथेत लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष आणला, पण जंगल गस्तीच्या दलाचा अज्ञात सेनापती मात्र तसाच ठेवला. सैनिक ज्याला कधी पाहत नाहीत त्याच्या आज्ञा पाळत राहतात. इंद्रजालच्या संपादकांचीही गंमत पाहण्यासारखी आहे. मूळ कथेत आरंभी भारताच्या आसपास असलेला 'बंगाला' त्यांनी 'डेंकाली' केला, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले, वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' होता त्याचा 'रामालू' झाला. खलनायकाच्या नावाने आपल्या भावना दुखावू नयेत याची दक्षता घेतली गेली. बांदारांच्या मौनाने कोणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

गुप्तता नेहमीच अन्याय्य असते असे मात्र म्हणता येणार नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारातील कार्यकर्ते गुप्ततेवरच जगले आणि गावांनी मौन पाळले म्हणून ते वाचले. पण भूमिगताला एक दिवस बाहेर यायचे असते. त्याचे मौन मुदतीचे असते आणि ते पाळणारा गावकरी त्या लढ्याचा भागीदार असतो. वेताळाच्या मौनाला मुदत नाही, आणि बांदार त्याचे भागीदार नाहीत, आश्रित आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी जो इशारा दिला तो याच आश्रितपणाविषयीचा होता. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघाने त्यांना पराभूत केले, हे इथे आठवते.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापाशी परत येतो, कारण तो प्रश्न जंगलापुरता नव्हता, आणि हे तिला व मला दोघांनाही कळत होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्या जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. त्याच महिन्यात झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या आईने पोलिसांपुढे हल्लेखोरांची ओळख पटवली होती. पंचविशीच्या भाषेत सांगायचे तर तिने वेताळाची अट पाळली होती: जे ठाऊक होते ते ती बोलली. अट उलटी फिरली. त्या संध्याकाळी गाव रिकामे नव्हते. पुढे भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू मानला नाही. जे सगळा जिल्हा जाणत होता ते निकालपत्रात उच्चारले गेले नाही.

चित्रकथा वाचून गावे मुकी होतात असा बाळबोध कार्यकारणभाव मला सुचवायचा नाही. बांदारांचे मौन दुर्बळांच्या रक्षकाला वाचवते, गावाचे मौन बलिष्ठांना, हा भेदही मी नाकारत नाही. परंतु हेतू वेगळे असले तरी सवय एकच असते. 'हे आपल्या आतले आहे, बाहेर बोलायचे नाही' हे वाक्य शिकणारी जीभ ते कोणासाठी वापरायचे याची निवड करीत बसत नाही. तारणहाराच्या कथेत या जिभेला काही कामच उरत नाही. तो येणार असतो. न आला तर तो आज दुसरीकडे असतो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. खैरलांजीची बातमी देशभर पसरायला काही आठवडे लागले, आमच्या प्राध्यापक-कक्षात ती त्याआधीच पोचलेली होती. महिनाभर तिथे त्या गावाचे नाव कोणी घेतले नाही. मीही नाही. करार दर वर्षी नव्याने होत असे हे कारण मी स्वतःला दिले होते, आणि ते खोटेही नव्हते.

पंचविशीच्या अखेरच्या कथेत बाप आणि मुलगा अनुक्रमे एका मुलीशी आणि तिच्या आईशी विवाह करतात. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजा गप्प राहतो, कारण त्याला खरोखरच उत्तर ठाऊक नसते. वेताळ हे मौन मान्य करतो आणि त्याच्या मस्तकाला काही होत नाही. वर्गात मी हाच भाग सांगायला घेतला आणि न जाणणाऱ्याचे मौन व जाणणाऱ्याचे मौन यांतील फरक फळ्यावर लिहिला. विद्यार्थिनी उभीच होती. बांदारांविषयी तिने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तास संपायला सात-आठ मिनिटे होती. मी हजेरी घ्यायला सुरुवात केली.