आजचं चिंतन: घेतलं किती, परत केलं किती? (गीता, अध्याय ३, श्लोक १२)



आधीच्या दोन श्लोकांत आपण पाहिलं, की सृष्टी आणि यज्ञ एकदमच जन्माला आले. माणसाने देवांना जपावं, देवांनी माणसाला जपावं, अशी ती व्यवस्था. आज बारावा श्लोक. इथे भगवंतांची भाषा एकदम कडक होते. देवांनी दिलेलं घ्यायचं आणि त्यांना काहीच परत न करता एकट्यानेच भोगायचं, असं जो करतो त्याला ते काय म्हणतात? चोर. मूळ शब्द आहे 'स्तेन'.

इंजिनीअरिंगला असताना हा श्लोक पहिल्यांदा वाचला, तेव्हा डोळ्यांसमोर दुसरेच लोक आले. मोठे कारखानदार, जंगल तोडणारे ठेकेदार. आपण काय, साधी नोकरी करणारी माणसं! दोन वर्षांपूर्वी कळलं की त्या यादीत माझंही नाव आहे.

माझं गाव अंजनगाव सुर्जी. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. दर्यापूरकडे थोडं खाली गेलात की खारपाणपट्टा लागतो. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. पिण्याचं पाणी तिकडे आपल्या शहानूर धरणातून जातं. आमच्या भागात मात्र गोडं पाणी, कारण सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या दगडगोट्यांच्या थरातून मुरत येतो. आमचे पानमळे, पानपिंपळी, केळी, संत्रा, सगळं याच पाण्यावर. पानपिंपळीचा वेल तर शेवरी-पांगऱ्याच्या सावलीत वाढतो आणि उन्हाळ्यातही त्याला ओल लागतेच. म्हणजे देवाने दिलेलं काय, हे आम्हाला वेगळं शोधावं लागत नाही. दोन-चार कोस खाली जाऊन एक घोट पाणी प्यायलं की समजतं.

तर दोन वर्षांपूर्वी बाबांचा फोन आला. विहीर आटत चाललीय, बोअर मारावा लागेल. मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. तिथूनच मोबाईलवरून पैसे पाठवले. पाणी लागलं, बाबांनी नारळ फोडला, फोटो ग्रुपवर आला. मी हात जोडलेला इमोजी टाकला. झालं.

पुढच्या वर्षी शिमग्याला घरी गेलो. शेजारच्या मळ्यातले काका बांधावर भेटले. लहानपणी त्यांच्याच विहिरीत पोहायला शिकलो होतो. ते म्हणाले, "बापू, तुह्या बोअरले पाणी लागलं, बेस झालं. माही विहीर मात्र यंदा होळीच्या आंदीच बसली."

बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. त्यांनी चहालाही बोलावलं.

आता यात माझा वाटा किती? खरं सांगायचं तर मोजता येणार नाही. त्या वर्षी पाऊसही कमी होता, आणि आजूबाजूला बोअर काही माझा एकट्याचा नाही. पण जमिनीखाली बांध नसतो ना! सात-बारा वर जमिनीचा असतो, खालच्या पाण्याचा नाही. ज्याचा पाइप खोल, त्याचं पाणी. भारत जगातला सर्वात जास्त भूजल उपसणारा देश आहे, अमेरिका आणि चीन मिळूनही आपल्याइतकं उपसत नाहीत. हा आकडा मी कितीदा फॉरवर्ड केला असेल. त्या आकड्यात आमचाही पाइप आहे, हे त्या दिवशी बांधावर कळलं.

आपल्या क्षेत्रातली भाषा वापरू का? एखादा प्रोग्राम मेमरी घेतो आणि काम झालं तरी सोडत नाही. सुरुवातीला सगळं मस्त चालतं. मग एक दिवस अख्खा सर्व्हर बसतो आणि बाकीचे निर्दोष प्रोग्रामही मरतात. कोड रिव्ह्यूमध्ये असली चूक मी ज्युनिअरला चालू देत नाही. शेतात मात्र स्वतःच चालू ठेवली होती.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यात यज्ञाचा त्यांनी लावलेला अर्थ मला फार पटतो. आपण वापरल्यामुळे सृष्टीची जी झीज होते, ती भरून काढणं म्हणजे यज्ञ. म्हणजे धूर-तूप नंतर, आधी हिशेब.

म्हणून मी हिशेबाला बसलो. घराचं छप्पर हजार चौरस फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरा. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. थोडं वाया गेलं असं धरूनही ५५,००० लिटर होतात. खूश झालो. हे सगळं जुन्या विहिरीत सोडायचं, झाला यज्ञ!

मग पंपाचं गणित केलं. ताशी दहा हजार लिटर धरलं, तर साडेपाच तास. वर्षभराचा पाऊस छपरावरून गोळा करून मी जे परत देणार, ते पंप एका दिवसात ओढून घेतो.

मंडळी, त्या रात्री हा श्लोक पुन्हा वाचला. परत देणं गरजेचंच आहे, पण नुसतं परत देऊन हा हिशेब जुळत नाही. घेणंच कमी करावं लागतं. आणि तेच अवघड, कारण त्याचा फोटो ग्रुपवर टाकता येत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबा गावात येत, आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडत, आणि मग भाकर मागत. देणं आधी, घेणं नंतर, तेही भुकेपुरतंच. बाराव्या श्लोकाचा याहून सोपा अर्थ मला तरी माहीत नाही.

आम्ही काय केलं? छपराचं पाणी गाळून जुन्या विहिरीत सोडलं. ठिबक केलं. आणि पंपाचा ऑटो स्टार्टर काढला. रात्री-बेरात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हायचा, आणि पीक पिऊन झालं तरी पाणी वाहत राहायचं. आता बाबा स्वतः जाऊन चालू-बंद करतात. कुरकुरतात थोडं, त्यांचे गुडघे दुखतात. काकांच्या संत्र्याच्या झाडांना आठवड्यातून दोन पाळ्या आमच्या बोअरवरून देतो. त्यांची विहीर अजून पूर्वीसारखी झालेली नाही. त्यामुळे मी सुटलो असं म्हणत नाही.

तुमच्याकडे शेत नसेल. फ्लॅट असेल, टँकर येत असेल. मग आजचा संकल्प एवढाच: तो टँकर कुठल्या गावच्या विहिरीतून भरतो, ते वॉचमनला नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. गावाचं नाव कळलं की संध्याकाळी दिवा लावताना ते नाव एकदा घ्या. नळ आपोआप लवकर बंद होईल.

देवा, तुझं दिलेलं तुझ्या बाकीच्या लेकरांनाही पुरू दे, आणि माझा हात आखडता घेण्याची बुद्धी मला दे.

उद्या तेरावा श्लोक. राम कृष्ण हरी.